इब्रत आणि तमाशा

आपल्या घरातल्या बोलीत 'इब्रत' आणि 'तमाशा' असे दोन शब्द आहेत. दोन्हींचा संबंध पाहण्याशी आहे. दुसऱ्याचे झालेले हाल पाहून स्वतःच्या मनाशी काही नोंद करणे ही इब्रत. तेच हाल पाहून वेळ मजेत जाणे हा तमाशा. (ढोलकी-लावणीचा तमाशा निराळा. त्याच्याशी आमचे काही भांडण नाही.) आमच्या लहानपणी गल्लीत मारामारी सुरू झाली की अम्मी खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, "तमाशा नको देखो." शेजारच्या घरातून जनाजा निघाला की तीच अम्मी आम्हाला दंडाला धरून दारात उभे करायची. त्या वयात आम्हाला हा फरक कळत नसे. दोन्हीकडे माणसेच होती, दोन्हीकडे रडारड होती. मग एक पाहायचे नाही आणि दुसरे पाहायलाच हवे, असे का?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला महिनाभर होतो, तेव्हा या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. अकरा वर्षांच्या नातीला सुट्टीत 'लंडन डंजन' पाहायचे होते. डंजन म्हणजे अंधारकोठडी. १९७४ साली टूली स्ट्रीटवर, लंडन ब्रिज स्टेशनच्या रुळांखालच्या विटांच्या कमानींत हे सुरू झाले. तेव्हा त्याचे रूप बरेचसे संग्रहालयाचे होते. मेणाचे पुतळे, छळाची हत्यारे, इतिहासातल्या भयंकर प्रसंगांचे देखावे. पुढे पुतळ्यांच्या जागी नट आले, पाळणे आले, पाण्यातली होडी आली. २०१३ पासून ते थेम्सच्या काठी काउंटी हॉलच्या इमारतीत आहे. एके काळी लंडन शहराचा कारभार याच इमारतीतून चाले. आता तिथे तिकीट काढून माणसे घाबरायला जातात.

आत काय असते ते थोडक्यात सांगतो. १६६५ चा प्लेग असतो, उंदीर असतात. संसदेखाली दारूची पिंपे ठेवणारा गाय फॉक्स असतो. गिऱ्हाइकांचे गळे कापणारा न्हावी स्वीनी टॉड असतो. १८८८ च्या व्हाइटचॅपलमधला 'जॅक द रिपर' असतो. न्यायालय असते. तिथे विग घातलेला न्यायाधीश बघ्यांतूनच एखाद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात बोलावतो, त्याच्यावर काहीतरी चावट आरोप ठेवतो आणि सगळे हसतात. अगदी शेवटी खुर्च्यांत बसवून, पट्टे आवळून, एका झटक्यात खाली सोडतात. ही फाशी. त्यानंतर दुकान.

हे सगळे वाईटच आहे, असा निकाल देऊन मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. घाबरण्याची भूक खरी असते. रात्री आजीला भुताची गोष्ट सांगायला लावणारे पोर क्रूर नसते. त्याला अंधाराशी ओळख करून घ्यायची असते आणि ओळख करून घेताना आजीची मांडीही हवी असते. आमच्या नातीने घरी आल्यावर प्लेगबद्दल जेवढे प्रश्न विचारले तेवढे शाळेतला धडा वाचून विचारले नव्हते. आणि आपण कोणत्या तोंडाने नाक मुरडायचे? दख्खनेत मोहरम कसा व्हायचा ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. करबलाच्या शहीदांचे मातम आणि त्याच रस्त्यावर अंगाला पट्टे ओढलेली वाघाची सोंगे. मर्सिया ऐकून डोळे पुसणारी आई त्याच हाताने पोरांना चोंगे वाटायची. पंजे, ताबूत, हलगी, शरबत, गर्दी. धर्मपंडितांनी या प्रकाराला पुष्कळ नावे ठेवली, त्या वादात आम्ही आत्ता शिरत नाही. एवढेच म्हणतो, की दुःखात खेळ मिसळला म्हणून दुःख बाटत नाही. त्या सोंगांच्या गर्दीत हुसैन कोण होते आणि पाण्यावाचून कोण मेले, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे.

तेव्हा हसावे की हसू नये, यावर आमचा प्रश्न अडलेला नाही. मेलेला माणूस त्या खेळात शिल्लक राहतो की नाही, यावर तो अडला आहे.

डंजनमधल्या न्यायालयाचेच घ्या. आमच्या खेपेला तिथे पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी जावईबापूंवर आली. माणूस मोकळा, त्यांनी छान साथ दिली. सगळे हसले, आम्हीही हसलो. शेजारी बसलेल्या आमच्या घरच्यांनी मात्र कानाशी येऊन विचारले, "ह्यांचा वकील कुठाय?" त्यांना विनोद करायचा नव्हता. आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोराच्या तारखांना त्याच्या आईबरोबर त्या किती वेळा जिल्ह्याच्या कोर्टात बसून आल्या आहेत. पोरगा चार वर्षे कच्चा कैदी होता आणि मग सुटला. आरोप खोटा आहे हे माहीत असणे आणि तरी पिंजऱ्यात उभे असणे, हा प्रसंग ज्याच्या घरात घडला आहे त्याला हा खेळ खेळता येत नाही. ज्याच्या घरात तो घडण्याची शक्यताच नाही, त्याला तो सहज खेळता येतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन जण खटला न संपलेले होते. मालेगावात २००६ साली झालेल्या स्फोटांत ज्या मुस्लिम तरुणांना धरले होते, त्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपांतून मुक्त केले. ही दहा वर्षे कोणत्या देखाव्यात बसवायची?

आणि हे खूळ आता एकट्या लंडनचे राहिलेले नाही. तेलंगणात संगारेड्डीला १७९६ साली बांधलेला निजामाच्या काळातला तुरुंग आहे. २०१६ मध्ये तिथे 'फील द जेल' नावाची योजना निघाली. पाचशे रुपये भरा, कैद्याचे कपडे घाला, कैद्याचे जेवण जेवा आणि चोवीस तास कोठडीत राहा. तुरुंगातले असह्य काय, असे कुणाही सुटून आलेल्याला विचारा. जेवणाबद्दल किंवा कपड्यांबद्दल तो फारसे बोलणार नाही. बाहेर कधी पडू हे माहीत नसणे, असेच तो सांगेल. ते माहीत करून घेऊनच आपण पाचशे रुपये भरतो. म्हणजे पैसे देऊन जे अनुभवायचे, नेमके तेवढेच बाहेर ठेवलेले असते. महाराष्ट्र सरकारनेही २६ जानेवारी २०२१ पासून येरवड्याला तुरुंग पर्यटन सुरू केले, पण त्याचा घाट वेगळा होता. पुणे करार झाला ती जागा, चापेकर बंधूंना फाशी दिली ती जागा दाखवायची आणि त्यांची नावे सांगायची. तिथे कुणाला कैदी व्हायला सांगितले नव्हते. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

चापेकरांचे नाव आले म्हणून प्लेगकडे वळतो. डंजनमध्ये प्लेगच्या दालनात प्रेक्षक नाक मुरडतो, किंचाळतो, हसतो. त्या वर्षी लंडनच्या मृत्यूनोंदीत प्लेगचे अडुसष्ट हजारांहून अधिक बळी लिहिले गेले आणि खरा आकडा लाखाच्या घरात असावा असे मानतात. पण साडेतीनशे वर्षे उलटली. त्या मेलेल्यांचे कुणी नातेवाईक रांगेत उभे नाहीत. म्हणून चालते.

आता तेच दालन पुण्यात उभारून पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात थैमान घालत होता. रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून माणसे तपासत होते, बायकांच्या अंगाला हात लावत होते, सामान रस्त्यावर फेकत होते. हिंदूंच्या घरात जे झाले तेच मुसलमानांच्या घरात झाले, पडद्यातल्या बायकांचे हाल तर विचारूच नका. याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आमच्या पणजीच्या तोंडी 'पिलेग' हा शब्द होता. गाठ कशी यायची, गाव सोडून शेतात झोपड्या कशा घालायच्या, हे ती सांगायची. या पुण्यात रबरी उंदीर सोडून, काळ्या गाठी रंगवलेला नट अंगावर धावून आणला, तर आपण हसू का? हसणार नाही. कोविडच्या दोन वर्षांनंतर तर नाहीच. मग लंडनच्या मेलेल्यांनी काय गुन्हा केला? दोनशे वर्षे झाली की हसायला परवानगी, असा काही इद्दतीसारखा हिशेब आहे का?

आम्हाला वाटते, काळाचा हिशेब ही एक पळवाट आहे. मेलेल्याची बाजू घेऊन बोलणारा कुणी उरला आहे की नाही, एवढेच आपण पाहत असतो. उरला असेल तर गंभीर चेहरा, नसेल तर मौज. जिवंत माणसाच्या बाबतीत अशा वागण्याला आपण भित्रेपणा म्हणू.

हे सर्वांत जास्त जाणवते ते रिपरच्या दालनात. त्याच्या थोडेच आधी स्वीनी टॉड भेटून गेलेला असतो. स्वीनी टॉड नावाचा न्हावी कधी झालाच नाही. एकोणिसाव्या शतकात हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या स्वस्त गोष्टींतला तो माणूस. त्याच्या खुर्चीवर जेवढे घाबरायचे तेवढे घाबरा, कुणाचे काही जात नाही. पण व्हाइटचॅपलमध्ये ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात पाच बाया खरोखर मारल्या गेल्या. एकाच बोळात, एकाच उजेडात, एकाच ओरड्यात खोटा न्हावी आणि खऱ्या बायका बसवल्या, की पाहणाऱ्याच्या मनात सगळेच गोष्टीतले होऊन जाते. बाहेर पडणाऱ्या कुणालाही विचारा, खुन्याचे टोपणनाव त्याला पाठ असते. ते टोपणनावच आहे, खुनी कोण हे कधी सिद्ध झाले नाही. ज्यांची नावे पक्की माहीत आहेत त्यांची मात्र सांगता येत नाहीत.

ती अशी: मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. मेरी ॲन ही छापखान्यात काम करणाऱ्याची बायको, पाच मुलांची आई. नवऱ्यापासून वेगळी झालेली. मेली त्या रात्री खाटेच्या भाड्याचे चार पेनी नव्हते म्हणून मुसाफिरखान्यातून बाहेर काढलेली. ॲनीचा नवरा बग्गी हाकणारा, तिला छातीचा आजार. एलिझाबेथ स्वीडनच्या शेतकरी घरातली, कधीकाळी नवऱ्याबरोबर कॉफीचे दुकान चालवणारी. कॅथरिन नुकतीच केंटमध्ये शेतमजुरीचा हंगाम करून परतली होती आणि तिच्या खिशांत चहाची एक आणि साखरेची एक डबी सापडली. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ मध्ये या पाचजणींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. मरणावर त्यांनी जवळजवळ काही लिहिले नाही. पाचांपैकी तिघी शरीरविक्रय करत होत्या याला पुरावाच नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि करत असत्या तरी काय? आम्ही ही नावे नातीला सांगितली. ती चहाच्या डबीपाशी थांबली. "घरी जाऊन करणार होती?" तिने विचारले. घर नव्हते, हे सांगावे लागले.

२०१५ साली लंडनच्याच केबल स्ट्रीटवर स्त्रियांच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून परवानगी मागितलेली एक इमारत उघडली, आणि आत रिपरचे संग्रहालय निघाले. मोठी निदर्शने झाली. नाव बाईचे आणि गल्ला तिच्या खुन्याचा, हा व्यवहार तेव्हा अनेकांना फार उघडा वाटला. इतर ठिकाणी तो थोडा झाकलेला असतो.

आपल्या माणसांचीही अशी प्रदर्शने झालेली आहेत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान लढताना मारला गेला. त्याच्या महालातून लाकडी वाघ उचलून लंडनला नेला. गोऱ्या शिपायाच्या नरड्याला तोंड लावलेला वाघ. पोटात भाता आणि नळ्या. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, माणूस कण्हतो आणि त्याचा हात हलतो. १८०८ पासून तो कंपनी सरकारच्या लंडनमधल्या कचेरीत मांडला होता आणि येणारेजाणारे लोक हौसेने दांडा फिरवून तो आवाज काढत. प्रेक्षकाने हात लावून चालवायचे भयानक प्रदर्शन ही काही विसाव्या शतकातली कल्पना नाही तर! आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काचेत आहे. आम्ही तिथेही गेलो. ऊर भरून आला हे खरे, पण एक गोष्ट टाळता येईना. काचेपलीकडे कण्हणारा तो लाकडी शिपाईही कुणाच्या तरी मरणाचे खेळणे होता, आणि ते खेळणे सुलतानाने करवून घेतले होते. शत्रूच्या मरणाचा तमाशा करण्याची हौस एकट्या इंग्रजांची होती असे म्हणायला जागा नाही.

हवालदार आलम बेगची गोष्ट याहून कडू आहे. शेहेचाळिसाव्या बंगाल पलटणीतला शिपाई. १८५८ साली सियालकोटला त्याला तोफेच्या तोंडी दिले. त्याचे शिर एका अधिकाऱ्याने आठवण म्हणून विलायतेला नेले. १९६३ साली केंटमधल्या एका दारूच्या गुत्त्यात ती कवटी सापडली. डोळ्याच्या खोबणीत चिठ्ठी होती, त्याचे नाव, पलटण, वय आणि त्याने केलेले म्हणून सांगितलेले खून. इतिहासकार किम वागनर यांनी त्याच्यावर २०१७ मध्ये पुस्तक लिहिले. ते खून त्याने केले असावेत असे त्यांना वाटत नाही. लोक तिथे ग्लास तोंडाला लावून ती कवटी पाहत असतील तेव्हा त्यांना मुद्दाम कुणाचा अपमान करायचा नसेल. कवटीला कुणी नव्हते, इतकेच.

इथे एक प्रसंग आठवतो, तो आपल्या परंपरेतलाच आहे. हिजरी सन ९ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, तबूकच्या वाटेवर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) आणि त्यांचे सोबती हिज्र या ओसाड वस्तीपाशी आले. समूद जमातीची ही जागा, डोंगर कोरून घरे केलेली. बुखारीत नोंद आहे की पैगंबरांनी सोबत्यांना सांगितले, या लोकांच्या घरांत रडत असाल तरच शिरा, नाहीतर शिरू नका. स्वतः डोके झाकून घेतले आणि सांडणी वेगाने पुढे काढली. तिथल्या विहिरींच्या पाण्यात मळलेली कणीक उंटांना घालायला लावली. आज त्याच परिसरात नबाती लोकांनी कोरलेल्या शंभराहून अधिक कबरी उभ्या आहेत. २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्यांची नोंद केली. २०१९ मध्ये सौदी अरबस्तानने परदेशी पर्यटकांना व्हिसा खुला केला, तेव्हापासून जाहिरातीत सर्वांत पुढे हीच जागा असते. या हदीसचा आधार घेऊन तिथे जाणेच टाळणारे लोक आहेत, जाणारेही आहेत. आम्ही फतवा देणारे कोणी नव्हे.

पण एक गोष्ट वारंवार मनात येते. समूद हे पापी म्हणून नष्ट झालेले लोक. त्यांच्याबद्दल दया बाळगा असे कुणी सांगितले नसते तरी चालले असते. उलट, पाहा कशी जिरली, असे म्हणून छाती फुगवायला ती उत्तम जागा होती. तिथे रडण्याची अट घातली गेली. रडणे हुकमाने येत नाही आणि तिकिटावर तर नाहीच. मग या अटीचा उपयोग काय? आमच्या समजुतीप्रमाणे, मेलेल्यांना आपल्यापासून वेगळी जात मानू नका, त्यांच्या जागी तुम्ही असू शकला असता, असे त्यात आहे. आता गंमत बघा, डंजनही अक्षरशः हेच करते. तुम्हाला पिंजऱ्यात उभे करते, फाशीच्या खुर्चीत बसवते. तुम्ही त्या जागी असता तर! मात्र तुम्हाला तिथे बसवण्यासाठी आधी जो बसला होता त्याला उठवून लावते. जागा रिकामी करून घेतल्यावर तिथे बसण्यात भीती कसली?

लंडन सोडण्याआधी व्हाइटचॅपलला गेलो. जुम्मा होता, ईस्ट लंडन मशिदीत नमाज झाली. या भागात आज सिल्हटकडून आलेल्या बंगाली मुसलमानांची दाट वस्ती आहे. आणि याच रस्त्यांवरून संध्याकाळी रिपरच्या खुनांच्या जागा दाखवणारे वाटाडे माणसांचे घोळके घेऊन फिरतात. मशिदीपासून थोड्याच अंतरावर एक बाग आहे. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी अल्ताब अली नावाचा तरुण, कपडे शिवण्याच्या कारखान्यातला कामगार, काम संपवून घरी निघाला होता. या बागेजवळ वर्णद्वेष्ट्या पोरांनी त्याला भोसकून मारले. तारीख टिपूच्या शहादतीचीच, पण तो योगायोग. दहा दिवसांनी हजारो लोक त्याची शवपेटी घेऊन, ज्या वस्तीत रात्री बाहेर पडायला भीत होते त्याच वस्तीतून निघून पायी पंतप्रधानांच्या घरापर्यंत गेले. १९९८ साली बागेला त्याचे नाव मिळाले. दाराशी लोखंडी कमान आहे, आत ढाक्याच्या शहीद मिनाराची लहान प्रतिकृती आहे.

आम्ही बसलो होतो तेव्हा बाकांवर कचेरीतली माणसे डबे उघडून जेवत होती. दोन पोरे गवतावर सायकली टाकून चिप्स खात होती. नातीने कमानीवरचे नाव वाचले आणि विचारले, "नाना, हा कोण होता? राजा?"

"शिंपी," आम्ही म्हटले. मग तिने तो कुठे राहायचा, त्या दिवशी काय शिवून आला असेल, असे एकामागून एक विचारायला सुरुवात केली, आणि आम्ही माहीत होते तेवढे सांगत बसलो.